फुकटात दुरुस्त केलेली भिंत

९ जानेवारी

चि. पोरीस, बाबांचा आशीर्वाद.

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस, सगळे जिवंत आहेत. तुझ्या आत्याचा गुडघा दुखतो, पण तो दुखला नसता तर तिला दिवसभर बोलायला विषय कुठून मिळाला असता? माझं बरं चाललंय. फोनच करणार होतो, पण फोनवर आपलं काय होतं ते तुला ठाऊक आहे. दोन वाक्यं झाली की मी चढतो आणि तू फोन ठेवतेस. पत्रात निदान मला पूर्ण बोलू तरी देशील.

काम असं आहे. माझ्या ओळखीचा एक गवंडी आहे. त्याला भिंतीवर भेगा पाडायच्या आहेत. बुजवायच्या नाहीत, पाडायच्या. भिंत कशी दिसली पाहिजे, तर वर्षानुवर्षं ओल खाल्लेली, पोपडे सुटलेली, आणि हात लावला तर टणक. तू हेच करतेस असं त्याला कुठूनतरी कळलं आणि तो माझ्या मागे लागला. मी त्याला म्हटलं, अरे बाबा, माझा जन्म भेगा बुजवण्यात गेला आणि मुलीने त्या पाडायचा धंदा काढला. आमचं त्यावरूनच वाजलंय, मी तिला कुठल्या तोंडाने विचारू? पण तो ऐकेना. तेव्हा कृती कळव. खाली काय लावायचं, वर काय, किती वाळू द्यायचं. ओलीचे डाग कशाने आणतात तेही. जरा सविस्तर लिही, तो गवंडी डोक्याने बेताचाच आहे.

नाट्यगृहाच्या दर्शनी दालनाचं काम तुला मिळायची शक्यता आहे असं आत्या म्हणाली. चारही भिंती, खांब आणि वरची कमान. वर्षभर तरी इथे येऊन राहावं लागेल म्हणे. अजून काही ठरलेलं नाही, पण ही बाई सगळ्या गल्लीला सांगत सुटली आहे. कमिटीची माणसं पुढच्या महिन्यात तू इथल्या कॉफीच्या दुकानात केलेली भिंत बघायला जाणार आहेत. ती पसंत पडली तर काम तुझं. मला काय त्याचं, कानावर आलं ते लिहिलं. मागच्या खोलीतलं माझं सामान मी हलवलंय. ते कधीतरी हलवायचंच होतं.

कृती लवकर पाठव. त्या गवंड्याला फार घाई आहे.

बाबा

२० जानेवारी

चि. पोरीस,

तुझं पत्र मिळालं. कृती इतकी नीट लिहिली आहेस की मला वाटलं, ही एवढी शिस्त माझ्याकडे काम करताना कुठे गेली होती? शेवटी विचारलंयस, ‘कोण गवंडी?’ तू ओळखत नाहीस. नवीन आहे.

त्याने घरी फळ्यांवर करून बघितलं. आधी गुळगुळीत थर, त्यावर ब्रशने डिंक, डिंक अर्धवट चिकट असताना वरचा पातळ थर, तोही एकाच हातात, पुन्हा न फिरवता. मग गरम हवा. पहिल्या फळीवर काहीच फुटलं नाही. दुसरीवर दुधाच्या सायीसारख्या सुरकुत्या पडल्या, भेग म्हणून एक नाही. तिसऱ्या फळीवर मात्र भेगा आल्या. चांगल्या आल्या. आणि मी त्या बुजवल्या. म्हणजे त्याने बुजवल्या. मुद्दाम नाही ग. हातात पुट्टीचा पत्रा होता, समोर भेग होती, हात आपला आपण गेला. एवढी वर्षं त्या हाताला दुसरं काही शिकवलेलंच नाही.

गरम हवेसाठी आत्याचं केस वाळवायचं यंत्र घेतलं होतं. ती दारात उभी राहून म्हणते, “तुझ्या टकलाला हे कशाला लागतंय रे?” मी म्हटलं, एका गवंड्यासाठी हवंय. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी यंत्र घेऊन मागच्या दाराने सटकलो. ती तुला काही बोलली असेल तर मनावर घेऊ नकोस, तिला सगळीकडे नाक खुपसायची सवय आहे.

सहज विचारतो. कॉफीच्या दुकानातल्या भिंतीचे फोटो आहेत का तुझ्याकडे? जवळून काढलेले हवेत. भेग कुठून निघाली, कुठे संपली, पोपडा किती सुटला, डाग कुठवर चढला, सगळं दिसेल असे. त्या गवंड्याला नमुना म्हणून लागतायत. कमिटी सात फेब्रुवारीला येणार असं ऐकतो. त्याचा याच्याशी संबंध नाही, पण फोटो त्याच्या आधी पाठव.

तुझ्या त्या कामाचं होईल. मी आत्याला म्हटलं, होईल. ती म्हणाली, “तुला काय फरक पडतो?” मी फळ्या उचलून मागे गेलो.

बाबा

२८ जानेवारी

पोरी,

फोटो मिळाले. सोबतची चिठ्ठीही मिळाली. ‘बाबा, काय केलंत?’ एवढंच. तुझी आई असंच विचारायची, आणि तिलाही उत्तर आधीच माहीत असायचं.

तर ऐक. तो गवंडी मीच.

डिसेंबरात कॉफीच्या दुकानाच्या मालकाने मला बोलावलं. तू ज्याच्यासाठी भिंत केलीस तो दुकान विकून गेला, हा नवीन आहे, तरुण पोरगा. आतल्या मोरीच्या मागचा नळ ठिबकत होता, तिथला गिलावा फुगला होता, तेवढं नीट करायचं होतं. त्याला सासरी जायचं होतं. किल्ली माझ्याकडे दिली आणि म्हणाला, “काका, तुमचं घर समजून करा.” चुकलं ते तिथेच. मी घर समजलो.

हे दुकान तेच, हे मला ठाऊक नव्हतं. चार वर्षांपूर्वी तू भिंत बघायला बोलावलंस तेव्हा मी आलो नाही, मागाहूनही कुठलं दुकान ते विचारलं नाही. मोरीचं काम हातावेगळं झालं. पण रोज आत जाता-येता समोरची भिंत दिसायची. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघालेली. मधे गिलावा सुटून वीट उघडी पडलेली. खाली ओल चढलेली आणि तिच्या कडेला पांढरा क्षार फुटलेला. मला बघवेना. एवढं नीटनेटकं दुकान, छान खुर्च्या, पितळेची चकाचक भांडी, आणि गिऱ्हाइकाच्या तोंडासमोर ही अशी भिंत! म्हटलं, पोरगा नवखा आहे, त्याला कोणी सांगितलं नसेल. सामान आहे, वेळ आहे, करून टाकू. फुकटात. आल्यावर खूश होईल.

आता तुझ्यापासून काय लपवायचं? मला कळायला हवं होतं. टिचकी मारली तर भिंत भरीव वाजली. पोपडा ओढून बघितला, जागचा हलेना. ओलीच्या डागावर पंजा ठेवला तर कोरडा ठणठणीत. कालचा शिकाऊ पोरगाही तिथे थबकला असता. मी म्हटलं, आधीच्याने आतून पक्कं काम केलंय, वरूनच बिघडलंय. आणि पत्रा हातात घेतला. खरवडता खरवडता हात भरून आले. जीव खाऊन खरवडत होतो आणि ज्याने कुणी हे केलं त्याला शिव्या देत होतो. म्हणजे तुलाच. माफ कर.

मग पुट्टी भरली, घासली, पुन्हा भरली, पुन्हा घासली. खोटं नाही सांगत, इतकी सरळ भिंत माझ्या हातून क्वचितच झाली असेल. खिडकीतून ऊन तिरकं यायचं तरी कुठे लाट दिसत नव्हती. मी समोर खुर्ची टाकून तिच्याकडे बघत बसलो होतो.

मालक आला. खांद्यावरची पिशवीसुद्धा त्याने खाली ठेवली नाही. “काका, माझी भिंत कुठाय?”

म्हटलं, “ही काय!”

तो मटकन खुर्चीत बसला. मला वाटलं, आनंदाने बसला असेल. म्हणून मी त्याला म्हटलं, पैशाचं मनात आणू नकोस. तेव्हा तो म्हणाला, “अहो, लोक ती भिंत बघायला यायचे. ती केलेली होती!” आणि कोणी केली ते त्याने सांगितलं. तुझं नाव त्याच्या तोंडून ऐकलं आणि पुट्टीने माखलेले हात मी पाठीमागे लपवले. तो म्हणाला, त्या बाईंनाच विचारतो, परत करता येते का. मी म्हटलं, मी विचारतो, माझी ओळख आहे. तिचा बाप आहे हे सांगायला तोंड नव्हतं.

घरी आलो तर आत्या दारातच, तुझी बातमी घेऊन. नाट्यगृह, कमिटी, वर्षभर मुक्काम, आणि सगळं कशावर ठरणार तर त्या भिंतीवर. ती आनंदाने नाचायची बाकी होती. मी हात धुवायला आत गेलो आणि किती तरी वेळ बाहेर आलो नाही.

तुझे फोटो मी टेबलावर मांडलेत. ती भेग वर जाड आहे आणि खाली जाताना बारीक होत गेली आहे, मधे एकदा विटेच्या सांध्यावर अडखळून वळली आहे. खरी भेग अशीच जाते. हे मी तुला सांगितलेलं आहे. शाळा सुटली की तू बांबूच्या परांचीवर येऊन पाय हलवत बसायचीस आणि मी काम करता करता बडबडायचो, ही पाया खचल्याची भेग, ही पाण्याची, ही नुसती उन्हाची. तू सगळा वेळ दुसरीकडे बघत असायचीस. मला वाटायचं, हिच्या कानात काही शिरत नाही. सगळं शिरत होतं की ग. मी तेव्हा खूप चिडायचो, आता फार बरं वाटलं आणि लगेच फार वाईट वाटलं.

आता करू काय? फोटो समोर ठेवून प्रयत्न करू? फळ्यांवर थोडं जमायला लागलंय. कमिटी सातला येते. तू सांगशील ते करतो. तू वर्षभर इथे राहशील म्हणून मी जीव टांगणीला लावून बसलो होतो, आणि ते काम मीच पुट्टीखाली गाडून बसलोय.

बाबा

९ फेब्रुवारी

पोरी,

‘भिंतीला हात लावू नका.’ तुझी ही चिठ्ठी अगदी वेळेवर पोचली. मी डिंक कालवून ठेवला होता. भिंतीला हात लावू नको असं मला आजवर कोणी म्हटलेलं नाही. लावला नाही.

कमिटी परवा येऊन गेली. तिघं होते. एक डॉक्टर, एक वकीलबाई आणि एक जाड चष्म्याचे गृहस्थ, ते कशाचे कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही. मला कोणी बोलावलं नव्हतं. इस्त्रीचा शर्ट घालून आधीच जाऊन कोपऱ्यात बसलो होतो. मालक बिचारा त्यांना सांगणार होता की भिंतीचं काम सुरू आहे, पुन्हा कधीतरी या. मला वाटलं, कशाला त्या पोराला खोटं बोलायला लावायचं?

वकीलबाईंनी चौफेर बघितलं. “ती भिंत कुठली?”

मी उठलो. “ही. म्हणजे हिच्या खाली. मी बुजवली.”

“का?”

“खरी वाटली म्हणून.”

मला लोकांसमोर बोलायची सवय नाही. तरी म्हटलं, “मी गवंडी आहे. या गावातल्या अर्ध्या भिंतींवरून माझा हात फिरलाय. भेग बघून मी सांगतो, पाया खचलाय की पाणी मुरतंय. पण ही भिंत मी बघितली, वाजवली, खरवडली, आणि मला कळलं नाही. भिंतीच्या बाबतीत मला आजवर कोणी फसवलं नव्हतं. तिने फसवलं.”

डॉक्टर म्हणाले, “तिने म्हणजे?”

“माझ्या मुलीने.”

“काका!” मालक मागून ओरडला. त्याच्या हातातली कॉफी हिंदकळली. “मग इतके दिवस बोलला का नाहीत?”

“धीर झाला नाही,” मी म्हटलं.

डॉक्टर हसायला लागले, ते थांबेनात. वकीलबाईही हसल्या, पण त्या लगेच सावरल्या. म्हणाल्या, “गोष्ट छान आहे. पण बाप मुलीची शिफारस करणारच.” मी म्हटलं, “बाई, ही शिफारस नाही, हा माझा गाढवपणा आहे. स्वतःच्या गाढवपणाबद्दल कोणी चारचौघांत खोटं बोलेल का?” त्यांना ते पटल्यासारखं दिसलं. मग मी तुझे फोटो पुढे केले. मला वाटलं, आता जिंकलो.

चष्मेवाल्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेले, मग लांब धरले. म्हणाले, “ही तर साधी पडकी भिंत आहे.”

“तेच तर!” मी म्हटलं.

“पण मग यात तिचं काम कुठलं?”

“सगळंच!”

“ते आम्ही कशावरून मानायचं? कुठल्याही पडक्या भिंतीचा फोटो असाच येईल.”

तू ते इतकं खरं केलंस की कागदावर ते खरंच दिसतं. हात लावल्याशिवाय त्यातली करामत कळत नाही, आणि हात लावायला मी काही शिल्लक ठेवलेलं नाही. त्यांनी कॉफी घेतली, कळवतो म्हणाले आणि गेले. डॉक्टरांनी जाताना माझा हात हातात घेतला. ते मला आवडलं नाही, दवाखान्यात वाईट बातमी देण्याआधी घेतात तसा घेतला.

गावात बोंबाबोंब झाली आहे. सिमेंटच्या दुकानात गेलो तर दुकानदार म्हणतो, “काका, आमची भिंत खरी आहे की खोटी, जरा बघून जा ना!” माझ्याच हाताखाली शिकलेले गवंडी रस्त्यात मला बघून भिंतींना टिचक्या मारतात. मारू देत. तुला काम मिळालं तर मी स्वतः टिचक्या मारत फिरेन.

बाबा

२४ फेब्रुवारी

पोरी,

तुला परस्पर कळलंच असेल. काम दुसऱ्याला दिलं. बाहेरगावची कंपनी आहे, दगडासारखा दिसणारा कागद चिकटवणार आहेत. आत्याने वकीलबाईंना गाठून विचारलं. त्या म्हणाल्या, डॉक्टर तुमच्या भाचीसाठी खूप भांडले, पण एवढं मोठं काम न बघितलेल्या भिंतीवर कसं देणार? त्यांचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. मीही दिलं नसतं.

माझ्यामुळे गेलं. हे मला तुझ्यासमोर उभं राहून म्हणायचं होतं, पण लिहून पाठवतोय. तुझं चांगलं काम होतं, ते मी नासवलं. चांगलं करायला गेलो हे खरं, पण नासवलं हेही खरंच. आत्या माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते आणि आत निघून जाते, गुडघ्याचंसुद्धा काही सांगत नाही. घर फार शांत झालंय.

कॉफीवाल्याकडे जाऊन आलो. म्हटलं, मुलीला विचारून तुझी भिंत पुन्हा करून घेऊ. तो म्हणाला, राहू द्या काका, आता तिच्यावर चित्रं टांगली आहेत, मलाही सवय झाली. म्हणजे तिथेही काही उरलं नाही. मी कॉफी न घेताच परत आलो.

परवापासून एक गोष्ट डोक्यात घोळतेय. तू गेल्यापासून मी तुला कितीदा बोलावलं आणि काय काय कारणं सांगितली. छत गळतंय, येऊन बघ. आत्याचे डोळे तपासायचेत, ये. मोठं गिऱ्हाईक आहे, दोन माणसं लागतील, ये. तू प्रत्येक वेळी चौकशी केलीस आणि प्रत्येक वेळी तुला कळलं की छत मीच नीट केलंय आणि आत्याचे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत. मग नाट्यगृहाचं निघालं. म्हटलं, हे खरं कारण आहे, यात माझा काही हात नाही, आता ही येईल आणि मला काही बोलावंही लागणार नाही. तेही गेलं.

आज सकाळपासून कागद पुढे घेऊन बसलोय. दुसरं कारण सापडतंय का बघत होतो. आत्या मधे एकदा येऊन पाठीमागे उभी राहिली, चहा ठेवून गेली. सापडलं नाही. छत चांगलं आहे. आत्या ठणठणीत आहे. माझी तब्येत उत्तम आहे, डॉक्टरांनीच सांगितलं, तेच ते हात धरणारे. गावात तुझ्याजोगं कुठलंही काम नाही, आणि माझ्याकडे तर मुळीच नाही.

तू इथे यावंस असं मला वाटतं. रोज वाटतं. ये.

बाबा